ताप उतरल्यानंतर

लहान मुलाचा ताप उतरला, तोंडाला चव आली, की घरातील माणसांच्या जिवात जीव येतो. परंतु काही व्याधींचा खरा आघात त्यानंतरच सुरू होतो. मूल अचानक का लंगडू लागले, त्याचा आवाज नाकातून का येऊ लागला, किंवा कालपर्यंत पाढे घडाघडा म्हणणारा मुलगा आज दोन अंकांची बेरीज का चुकतो, याचे कारण त्याच्या आजच्या देहात कितीही शोधले तरी हाती लागत नाही. ते गेल्या पंधरवड्यात, गेल्या महिन्यात, क्वचित सात-आठ वर्षांमागे दडलेले असते. म्हणून संसर्गानंतर उद्भवणाऱ्या बालकांच्या मज्जाविकारांच्या निदानाचा इतिहास हा निम्मा वैद्यकाचा आणि निम्मा आठवणींचा व दप्तरांचा इतिहास आहे. आणि त्यातील एक मोलाचे प्रकरण नाशिक जिल्ह्यात, मालेगावी, घडले आहे.

इंग्रजी अमदानीत गावोगावच्या जन्ममृत्यूची नोंद पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरी होत असे. मृत्यूच्या कारणांचे रकाने मोजके होते : पटकी, देवी, ताप, अतिसार अशी स्थूल वर्गवारी, आणि त्यात ‘ताप’ हा रकाना एवढा ऐसपैस होता की, हिवताप, विषमज्वर, मेंदूज्वर अशा परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या व्याधी त्यात बिनबोभाट सामावून जात. परंतु त्याहून मोठी उणीव वेगळीच होती. जे मूल तापातून वाचले पण पायाने अधू झाले, त्याच्यासाठी त्या दप्तरात रकानाच नव्हता. ते जगले, म्हणून मृतांच्या यादीत नाही. आणि अधूपणाची मोजदाद करावी असे सरकारला कधी वाटले नाही. घरात ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणत. कोणी दृष्ट काढी, कोणी सप्तशृंगीला नवस बोले, कोणी मांत्रिकाकडे जाई. ताप कोणत्या वारी आला, किती दिवस राहिला, पाय कोणत्या सकाळी उचलेना, हा सारा क्रम मुलाच्या आईला तोंडपाठ असे. परंतु तो तिला विचारणारा आणि लिहून ठेवणारा कोणी नव्हता.

या क्रमाचे मोल वैद्यकाला प्रथम ज्या रोगांनी पटवले, त्यांपैकी घटसर्प हा एक होय. घशात राखाडी पापुद्रा धरणारा हा रोग शतकानुशतके श्वास कोंडून मुले मारीत आला. १८९० मध्ये बेरिंग व किटासाटो यांनी प्रतिविषाचे तत्त्व सिद्ध केल्यानंतर पुष्कळ मुले त्यातून वाचू लागली. परंतु वाचलेल्यांपैकी काहींच्या बाबतीत घसा बरा होऊन दोन-तीन आठवडे लोटावेत, आणि मुलाने भांडे तोंडाला लावताच पाणी नाकावाटे बाहेर यावे. त्याचे बोलणे गेंगाणे व्हावे. पुढे जवळची अक्षरे त्याला पुसट दिसू लागावीत. आणि आणखी काही आठवड्यांनी हातापायांतील बळ ओसरावे, असा हा रोगाचा दुसरा अंक असतो. घटसर्पाचे विष मज्जातंतूंवरील आवरणावर सावकाश आघात करते, म्हणून हा विलंब. ज्या वैद्याने नाकातून येणारे पाणी पाहून ‘महिन्यापूर्वी घसा दुखला होता काय?’ एवढा एकच प्रश्न केला, त्याच्या हाती निदान आले. ज्याने तो केला नाही, तो नाकातच दोष शोधीत राहिला.

पोलिओच्या बाबतीत प्रश्न याहून बिकट होता, कारण मुलाचा पाय एकाएकी लुळा पडण्यास कारणे अनेक. पोलिओचा लुळेपणा बहुधा ताप असतानाच, दोन-चार दिवसांत पूर्णत्वाला पोहोचतो. तो एका पायात अधिक, दुसऱ्यात कमी असा विषम असतो. गुडघ्यावर टकटक केली तरी पाय उसळत नाही, मात्र तळव्याला गुदगुल्या केल्या तर मुलाला त्या कळतात. १९१६ मध्ये गियाँ, बारे व स्त्रोल या फ्रेंच वैद्यांनी दोन सैनिकांवरून वर्णिलेल्या विकारात मात्र लुळेपणा दोन्ही पायांत सारखा असतो व खालून वर चढतो. ताप बहुधा आधीच येऊन गेलेला असतो, आणि पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात प्रथिन वाढलेले पण पेशी जेमतेम, अशी विसंगती आढळते. मज्जारज्जूचा दाह असेल तर अंगावरील एका विशिष्ट पातळीखाली स्पर्शच कळत नाही आणि लघवी अडते. याखेरीज एक कारण माणसाच्याच हातचे : तापात ढुंगणावर सुई टोचताना ती पायाच्या मोठ्या नसेला लागली तर तोच पाय निकामी होतो. पोलिओचे विषाणू अंगात असताना दिलेली सुई त्याच अवयवात लुळेपणाला निमंत्रण देते, हेही वैद्यकाला पुढे उमगले. म्हणून ‘सुई कोणत्या दिवशी, कोणत्या बाजूला दिली?’ हा प्रश्न लुळेपणाच्या तपासणीत कायमचा दाखल झाला.

मुंबईला परळच्या हाफकिन संस्थेच्या आवारात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे जे आंत्रविषाणू संशोधन केंद्र नावारूपाला आले, त्याचा आरंभ १९४९ मध्ये पोलिओच्या संशोधनासाठीच झाला होता. तरीही खेड्यातील लुळ्या मुलाची वार्ता त्या प्रयोगशाळेपर्यंत नेणारी वाट बांधली जाण्यास पुढे जवळजवळ अर्धे शतक जावे लागले. डिसेंबर १९९५ मध्ये देशभर पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली आणि १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने पोलिओ सर्वेक्षणाची यंत्रणा उभी राहिली. तिचा पहिला दंडक असा : पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाला एकाएकी शिथिल लुळेपणा आला की, कारण काहीही वाटो, त्याची वर्दी द्यावी. लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत, किमान चोवीस तासांच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने घ्यावेत. ते बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेकडे रवाना करावेत. आणि साठ दिवसांनी त्या मुलाच्या घरी पुन्हा जाऊन पाय कितपत सावरला हे पाहावे. ज्या प्रश्नासाठी पूर्वी रकाना नव्हता, त्यासाठी आता दिनांकवार तपशिलाचा एक संपूर्ण अर्ज सिद्ध झाला. आणि आईची आठवण प्रथमच सरकारी दप्तराचा पुरावा ठरली.

या व्यवस्थेची कसोटी मालेगावी लागली. मोसम नदीच्या काठी यंत्रमागांवर जगणारे हे गाव. येथील विणकरांचे अनेक पूर्वज उत्तर हिंदुस्थानातून आलेले, आणि पोलिओ जेथे दीर्घकाळ ठाण मांडून होता त्या प्रांतांशी आप्तसंबंधांची ये-जा टिकलेली. दाट वस्ती, उघडी गटारे, आणि पोलिओच्या डोसाविषयी काही घरांत घर करून बसलेला संशय, या सर्वांमुळे २०१० सालीही येथे पोलिओचे रुग्ण आढळले. त्या दिवसांत घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्या, डोसाच्या बाजूने बोलणारे मौलवी, आणि मूल लंगडते असे दिसताच वर्दी देणारे साधे गल्लीतले डॉक्टर, हे सर्व मिळून निदानाचे काम करीत होते. जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात देशातील अखेरचा रुग्ण सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. तो दाखला देता आला, कारण पोलिओ नसलेला लुळेपणाही या यंत्रणेने नेटाने शोधून, तपासून नोंदला होता. लुळेपणाची वर्दीच आली नसती, तर पोलिओ नाही असे कोणत्या आधारावर म्हटले असते?

परंतु ज्या व्याधीत विलंब दिवसांचा नसून वर्षांचा असतो, तिच्यासाठी अशी वाट अद्याप पुरती बांधली गेलेली नाही. गोवर येऊन गेल्यावर सहा ते दहा वर्षांनी, फार थोड्या मुलांत, मेंदूत दबून राहिलेला तोच विषाणू पुन्हा डोके वर काढतो. आधी शाळेतील गुण घसरतात, स्वभाव चिडचिडा होतो, आणि शिक्षक व पालक दोघेही मुलाला आळशी ठरवतात. मग जेवताना हातातील वाटी निसटते, ठराविक अंतराने अंगाला झटका बसून मान खाली जाते, चालता चालता मूल कोसळते. १९३३ मध्ये अमेरिकेत डॉसन यांनी अशा रुग्णाच्या मेंदूतील पेशींत विषाणूचा संशय यावा अशी चिन्हे पाहिली. १९४५ मध्ये बेल्जियमच्या व्हान बोगार्ट यांनी या विकाराचे वर्णन केले. रादरमेकर यांनी मेंदूच्या विद्युत आलेखात काही सेकंदांच्या नेमक्या अंतराने उठणाऱ्या उंच लाटा दाखवून दिल्या. आणि १९६७ मध्ये बेलफास्टच्या कॉनोली व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोवराशी असलेले नाते उघड केले. आज निदान होते ते त्या आलेखावरून आणि कण्यातील पाण्यात सापडणाऱ्या गोवराच्या प्रतिपिंडांवरून; पण ती तपासणी करावी हे सुचण्यासाठी ‘लहानपणी गोवर आला होता काय, आणि कितव्या महिन्यात?’ हे विचारावे लागते. दोन वर्षांच्या आत आलेला गोवर या बाबतीत विशेष घातक ठरतो. हा रोग हमखास थांबवणारा उपचार आजही नाही. लस हाच त्यावरचा खरा प्रतिबंध.

२०२२ च्या अखेरीस महाराष्ट्रात गोवराचा उद्रेक झाला तेव्हा मुंबई व भिवंडीबरोबर मालेगावचे नाव पुन्हा पुढे आले. तेथील तान्ह्या मुलांपैकी एखाद्यावर ही दुर्मीळ आपत्ती यायचीच असेल, तर ती या दशकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर येईल. तोवर डॉक्टर बदललेले असतील, कुटुंब कामाच्या शोधात दुसऱ्या गावी गेले असेल, आणि आईला तो ताप अनेक तापांपैकी एक वाटू लागला असेल. यास्तव त्या उद्रेकातील मुलांच्या याद्या जपून ठेवणे, गोवराची तारीख प्रत्येकाच्या आरोग्यपत्रिकेत लिहून ती आईबापांच्या हाती देणे, आणि अभ्यासात अकस्मात मागे पडलेल्या मुलाला छडी दाखवण्यापूर्वी दवाखाना दाखवावा हे शिक्षकांना सांगणे, ही कामे आजच करण्याची आहेत. लुळेपणाचा एकही प्रसंग नोंदीवाचून जाऊ द्यायचा नाही हा वस्तुपाठ मालेगावने एकदा गिरवला आहे. तोच गोवराच्या बाबतीत पुन्हा गिरवणे त्या गावाला, जिल्ह्याला आणि राज्याला अशक्य नाही.