बोगनवेल कुणाची?

बोगनवेल हा शब्द इतका अस्सल मराठी वाटतो, की त्यात एक फ्रेंच दर्यावर्दी लपून बसलाय हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. 'बूगाँव्हिल' या आडनावाचा शेवट कुणाच्या तरी कानाला 'वेल' असा ऐकू आला असणार, झाड भिंतीवर चढतंही वेलीसारखं, मग काय, ठरलंच! बंगाल्यांनी याच नावाचं 'बागानबिलास' करून टाकलं. ते आपल्यापेक्षा रसिक, हे मान्य करायलाच हवं.

सोसायटीच्या कंपाउंडवर, हायवेच्या दुभाजकावर, एखाद्या टेक पार्कच्या गेटाशी, जिथे माळी आठवड्यातून एकदा फिरकतो तिथे ही हमखास असते. उन्हाला भीत नाही, पाणी मागत नाही, काट्यांमुळे गुरं तोंड लावत नाहीत. उलट पाण्याचे लाड केले की नुसती पानं वाढतात आणि रंग दिसत नाही. (बाल्कनीतल्या कुंडीत फुलत नसेल तर आधी ऊन किती मिळतंय ते बघा, आणि मग पाणी कमी करा.) आपण ज्याला फूल म्हणतो तेही फूल नाही. ती रंगीत कागदासारखी तीन पानं, आणि खरं फूल म्हणजे त्यांच्यामध्ये बसलेली बारीकशी पांढरट नळी. गुलबक्षी आणि पुनर्नवा या तिच्या कुळातल्याच. हा भडक रंग बीटाच्या रंगाच्या जातकुळीतला. गुलाबाचा किंवा जास्वंदीचा रंग वेगळ्याच रसायनाचा.

पण आज वनस्पतिशास्त्र सांगायचं नाहीये. गोष्ट आहे ती नावाची.

लुई-आंत्वान द बूगाँव्हिल हा माणूस मुळात गणिती. विशीत असताना त्याने इंटिग्रल कॅल्क्युलसवर ग्रंथ लिहिला आणि १७५६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतलं. मग सैन्यात गेला, कॅनडात इंग्रजांशी लढला आणि शेवटी खलाशी झाला. (करिअर स्विच करावा तर असा!) १७६६ ते १७६९ या काळात त्याने राजाच्या आज्ञेवरून जगप्रदक्षिणा केली. फ्रेंचांची ही पहिली सरकारी जगप्रदक्षिणा. जहाजं दोन, 'बूदूज' आणि तिच्यासाठी रसद वाहणारं 'एत्वाल'. सोबत एक वनस्पतिशास्त्रज्ञही घेतला होता, फिलिबेर कॉमरसाँ. हुशार, हट्टी, तापट आणि झाडापाल्यापुढे दुसरं काही न दिसणारा गृहस्थ. त्याला 'एत्वाल'वर जागा मिळाली. सामान इतकं होतं, की कप्तानाने स्वतःची प्रशस्त केबिन त्याला देऊन टाकली. त्या केबिनमध्ये त्याच्याबरोबर त्याचा नोकर राहायचा. बारे नावाचा, पोरगेलासा, दाढीमिशी नसलेला.

हा नोकर म्हणजे झान बारे नावाची सव्वीस वर्षांची बाई होती.

झानचा जन्म १७४० सालचा, बर्गंडीतल्या एका गरीब घरातला. कॉमरसाँची बायको १७६२ मध्ये बाळंतपणात गेली. त्यानंतर झान त्याचं घर सांभाळू लागली, आणि हळूहळू नातं घरकामाच्या पलीकडे गेलं. १७६४ मध्ये ती गरोदर राहिली. फ्रान्समध्ये तेव्हा अविवाहित बाईला गरोदरपणाची सरकारदरबारी नोंद करावी लागे. तिने ती केली, पण बापाचं नाव सांगायला नकार दिला. दोघं पॅरिसला आले, मुलगा झाला, त्याला अनाथालयात सोडलं आणि तो फार जगला नाही. सफरीवर निघण्याआधी, डिसेंबर १७६६ मध्ये, कॉमरसाँने मृत्युपत्र केलं आणि तिच्या नावे ६०० लिव्र आणि घरातलं सामान ठेवलं. म्हणजे आपण कुणाच्या जिवावर जगतोय हे त्याला ठाऊक होतं.

नौदलाच्या जहाजावर स्त्रियांना बंदी होती. त्यामुळे १७६७ च्या फेब्रुवारीत रोशफोर बंदरातून 'एत्वाल' निघालं तेव्हा झान पुरुषाच्या कपड्यांत, छाती आवळून बांधून चढली. शंभराहून जास्त पुरुष, महिनोन्‌महिने समुद्र आणि एक केबिन. आपल्याला ओपन ऑफिसमध्ये प्रायव्हसी नाही म्हणून आपण कुरकुर करतो!

जून १७६७ मध्ये जहाज रिओ दि जानेरोला पोचलं. तिथलं वातावरण तंग होतं, पोर्तुगीज व्हाइसरॉयचं फ्रेंचांशी पटत नव्हतं आणि 'एत्वाल'च्या धर्मगुरूचा किनाऱ्यावर खून झाला होता. त्यात कॉमरसाँच्या पायाची जुनी जखम चिघळलेली, आणि ती बरी होईपर्यंत त्याने जहाजावरच राहायचं असं ठरलेलं. तरीही रिओच्या परिसरातून वनस्पतींचे नमुने आले. त्यातच एक होती जांभळ्या-गुलाबी पानांची ती काटेरी वेल. कॉमरसाँने आपल्या मोहिमेच्या प्रमुखाचं नाव तिला दिलं. साहेबाला खूश करण्याची ही पद्धत तेव्हाही होती.

आता प्रश्न असा, की पाय धरून बसलेल्या माणसाच्या हातात ती फांदी आली कशी?

ग्लिनिस रिडली या अभ्यासिकेने २०१० साली झानचं चरित्र लिहिलं. तिचं म्हणणं, बोगनवेल झाननेच शोधली. वाचताना फार पटतं. पण या पुस्तकावर टीकाही झाली, आणि ती अस्थानी नव्हती. त्या दिवशी किनाऱ्यावर कोण गेलं आणि फांदी कुणी तोडली, याचा थेट पुरावा कुठल्याच रोजनिशीत नाही. कॉमरसाँ हट्टी होता, पाय सुजलेला असतानाही तो लंगडत गेला असेल हे अगदी शक्य आहे. म्हणून 'बोगनवेल एका स्त्रीने शोधली' असे जे फॉरवर्ड फिरतात, ते मला अर्धवट वाटतात. गोष्ट चांगली आहे म्हणून ती सिद्ध झाली असं होत नाही.

मात्र दुसरी बाजू पुराव्यानिशी सांगता येते. खुद्द बूगाँव्हिलने लिहून ठेवलंय, की मॅगेलनच्या सामुद्रधुनीतल्या बर्फाळ डोंगरांत बारे कॉमरसाँबरोबर हिंडत होती. खाणंपिणं, हत्यारं आणि वनस्पती दाबून ठेवायच्या जाडजूड वह्या पाठीवर घेऊन. तिचा दम बघून कॉमरसाँ तिला आपलं 'ओझ्याचं जनावर' म्हणायचा. हे कौतुक होतं म्हणे! नमुने आणायचे, वाळवायचे, कागदात दाबायचे, चिठ्ठ्या लावायच्या हे सगळं काम दोघांचं होतं. आपल्याकडे सोर्स कंट्रोलमध्ये कोड लिहिणाऱ्याचं नाव एका रकान्यात असतं आणि तो चढवणाऱ्याचं दुसऱ्या. अठराव्या शतकातल्या वनस्पतिशास्त्रात एकच रकाना होता, आणि तो 'मालका'चा. तेव्हा फांदी कुणी तोडली हा वाद मला दुय्यम वाटतो. तो संग्रह दोघांचा आहे, एवढं म्हणायला रिओतला तो एक दिवस सिद्ध करायची गरज नाही.

एप्रिल १७६८ मध्ये जहाजं ताहितीला लागली. बूगाँव्हिलच्या म्हणण्याप्रमाणे, फ्रेंचांना वर्षभरात जे कळलं नाही ते ताहितीच्या लोकांनी बघताक्षणी ओळखलं. पुढे त्याने झानची चौकशी केली, तेव्हा तिने रडत रडत कबुली दिली. मी अनाथ, कोर्टकज्जात सगळं गेलं, पुरुषाचा वेष घेऊन मालकाला फसवलं, त्याला यातलं काही माहीत नव्हतं, आणि जगप्रदक्षिणेचं कुतूहल होतं म्हणून आले. मालकाला काही माहीत नव्हतं हे अर्थातच खोटं. इथेही तिने कॉमरसाँला वाचवलं, जसं बापाचं नाव न सांगता वाचवलं होतं तसंच. जहाजावरच्या सर्जनची रोजनिशी मात्र वेगळी आणि फार कडवट हकिगत सांगते. तिच्यानुसार झान उघडी पडली ती पुढे न्यू आयर्लंड बेटावर, खलाशांच्या हातून, जबरदस्तीने. बूगाँव्हिलची सभ्य हकिगत जास्त छापली गेली, कारण पुस्तक त्याचं गाजलं.

१७६८ च्या अखेरीस जहाजं मॉरिशसला आली. तिथला फ्रेंच प्रशासक प्येर प्वाव्ह्र हा कॉमरसाँचा स्नेही आणि झाडांचा शौकीन, त्यामुळे दोघं तिथेच राहिले. बूगाँव्हिलचीही एक अडचण परस्पर सुटली. कॉमरसाँ १७७३ च्या मार्चमध्ये तिथेच वारला. त्यानंतर आठवड्याभरातच पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याला सदस्य म्हणून निवडलं, कारण बातमी पोचायला महिने लागायचे. त्याच्या वनस्पतींच्या पेट्या पॅरिसला गेल्या. झान बेटावर राहिली, पोर्ट लुईमध्ये तिने दारूचा गुत्ता चालवला, १७७४ मध्ये झाँ द्युबेर्ना नावाच्या फ्रेंच सैनिकाशी लग्न केलं आणि त्याच्याबरोबर फ्रान्सला परतली. त्या दिवशी तिची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली. एका स्त्रीची ही पहिली ज्ञात प्रदक्षिणा. बंदरावर कुणी हारतुरे घेऊन उभं नव्हतं.

१७८५ मध्ये नौदल मंत्रालयाने तिला वर्षाला २०० लिव्र पेन्शन मंजूर केलं. त्या कागदात तिचा उल्लेख 'असाधारण स्त्री' असा आहे. ज्या नौदलाचा नियम मोडून ती गेली, त्याच नौदलाने! १८०७ मध्ये ती वारली.

वेलीचं नाव छापून आलं १७८९ साली, फ्रेंच राज्यक्रांतीच्या वर्षी. झ्युस्यू या शास्त्रज्ञाने ते आपल्या ग्रंथात घेतलं, तेही चुकीच्या स्पेलिंगने. ती चूक १९३० च्या दशकापर्यंत चालली. तेव्हा 'बोगनवेल' म्हणणाऱ्यांना हसण्याचा अधिकार निदान वनस्पतिशास्त्रज्ञांना तरी नाही. कॉमरसाँचं नाव सत्तरहून जास्त वनस्पतींना मिळालं. त्याने एका झाडाला झानचंही नाव दिलं होतं. एकाच फांदीवर तऱ्हेतऱ्हेच्या आकाराची पानं येणारं झाड, तिच्यासारखंच, वरून एक आणि आतून एक. पण पुढे ती वनस्पती दुसऱ्याच नावाखाली गेली आणि झान पुसली गेली. अखेर २०१२ साली इक्वेडोर-पेरूच्या डोंगरांतल्या, वांग्या-बटाट्याच्या नात्यातल्या एका वेलीला 'सोलॅनम बारेटिए' हे नाव मिळालं. तिचीही पानं एकासारखी एक नसतात, म्हणूनच निवडली.

बोगनवेल आपल्याकडे आली ती १८६० च्या सुमारास, युरोपमार्गे कोलकात्याला. इथलं ऊन तिला मानवलं. १९१० मध्ये कोलंबियातल्या कार्ताहेनाच्या एका बागेतून लाल रंगाचा नवा वाण बाहेर पडला, तो जगभर 'मिसेस बट' म्हणून पसरला. कोलकात्याच्या बागेत एका झाडावर काही फांद्या पांढऱ्या आणि काही गुलाबी फुलू लागल्या. हे म्हणजे प्रॉडक्शनमध्ये आपोआप झालेलं म्युटेशन! ते कुणी 'फिक्स' केलं नाही हे नशीब. तोच 'मेरी पामर' वाण आजही दोन रंगांनी लोकांना बुचकळ्यात टाकतो. गव्हाच्या वाणांवर काम केलेले डॉ. बी. पी. पाल हे बोगनवेलीचेही नादिक, त्यांनी नवे वाण काढले आणि तिच्यावर पुस्तकही लिहिलं. नव्या वाणांच्या जागतिक नोंदणीचं काम दिल्लीच्या पुसा संस्थेकडे आलं. लखनौच्या वनस्पती संस्थेने वाण काढले, तर नावं ठेवली 'बेगम सिकंदर' आणि 'वाजिद अली शाह'.

नर्सरीत गेलात तर या नावांनी मागून बघा. माळी बहुधा 'डबल कलर' की 'लाल' एवढंच विचारेल आणि काट्यांपासून हात जपत एक पिशवी पुढे सरकवेल.