पंचवीस डॉलरची फाइल

मागच्या महिन्यात मामाच्या माळ्यावरून एक जुना पीसी खाली उतरवला. ४८६ प्रोसेसर, विंडोज ३.१. म्हटलं, याला ऑनलाइन आणून दाखवतोच! नेटवर्क कार्ड होतं, केबल लावली, फ्लॉप्यांवरून नेटस्केप टाकलं. उघडायला गेलो तर 'विनसॉक डॉट डीएलएल' नावाची फाइल सापडत नाही म्हणे. अर्धा दिवस मी केबलच तपासत बसलो. केबल बिचारी ठणठणीत होती.

तुमच्या फोनला वायफायचा पासवर्ड दिला की झालं, कारण इंटरनेटची भाषा, म्हणजे टीसीपी/आयपी, त्याला आधीच येते. १९९२ मध्ये आलेल्या विंडोज ३.१ ला ती येतच नव्हती! विनसॉक हा ती उणीव भरून काढायचा करार. ब्राउझरने काय मागायचं, खालच्या सॉफ्टवेअरने काय द्यायचं, हे कंपन्यांनी मिळून ठरवलं. फाइलचं नावसुद्धा ठरलेलं. बनवावी मात्र कुणीही.

ती सगळ्यात गाजवली ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडल्या टास्मानिया बेटावरच्या पीटर टॅटम यांनी. तिथल्या विद्यापीठात काम करणारा हा माणूस. त्यांचं 'ट्रम्पेट विनसॉक' १९९४ मध्ये आलं. आधी वापरून बघा, आवडलं तर २५ डॉलर पाठवा, असा मामला. जगभर लाखो लोक त्याच्यावरून पहिल्यांदा इंटरनेटवर गेले. इंटरनेट कंपन्या आपल्या ग्राहकांना त्याच्या फ्लॉप्या वाटायच्या. पैसे? बहुतेकांनी पाठवलेच नाहीत. एका ऑस्ट्रेलियन कंपनीने तर परवानगी नसताना मासिकांसोबत ते वाटलं. १९९६ मध्ये कोर्टाने टॅटम यांच्या बाजूने निकाल दिला, पण तोवर बाजारच हातातून निसटत होता.

कसा, ते बघा. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने मुंबईसह मोठ्या शहरांत सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. स्वस्तातलं शेल अकाउंट घेतलं तर पडद्यावर नुसती अक्षरं. चित्रं हवीत तर महागडं टीसीपी/आयपी अकाउंट. आणि बरोब्बर नऊ दिवसांनी, २४ ऑगस्टला, विंडोज ९५ बाजारात आलं. टीसीपी/आयपी त्याच्यासोबतच! आता ट्रम्पेट विकत कोण घेणार?

२०११ मध्ये ही गोष्ट इंटरनेटवर पुन्हा वर आली, तेव्हा कित्येकांनी टॅटम यांना उशिराचे पैसे पाठवले.

माझ्या पीसीचं म्हणाल, तर मामाच्या फ्लॉप्यांच्या डब्यातच ट्रम्पेट सापडलं. नेटवर्क कार्डाचा पॅकेट ड्रायव्हर आधी, मग विनपॅक्ट, मग ट्रम्पेट, असा क्रम लावल्यावर आयपी पत्ता जोडला गेला. आजच्या बहुतेक साइट्स काही उघडेनात, कारण एवढ्या जुन्या नेटस्केपला हल्लीचं एन्क्रिप्शन कळत नाही. एक साधं http पान मात्र उघडलं. हळूहळू, वरून खाली.

मामा बाजूलाच उभा होता. मी विचारलं, "मामा, तू याचे २५ डॉलर भरले होतेस का रे?"

"कशाचे?" मामा म्हणाला. "ती फ्लॉपी तर मित्राने दिली होती."