गोदीतला कापूस, जहाजावरच्या बॅटऱ्या

१२ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत आले. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके, शिवाय कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठी. अशी सांगड घालणेच धाडसाचे. १४ तारखेला दुपारी कापूस धुमसू लागला. बंबांनी शेकडो टन पाणी ओतले, पण मूळ आग सापडेना. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले.

विजेच्या गाड्या वाहणाऱ्या जहाजांवर पेच जवळपास तोच. लिथियम बॅटरीतली उष्णता सेलमागून सेल पेटवते, विझलेली बॅटरी पुन्हा भडकते आणि खेटून उभ्या गाड्यांत शिरायला वाट नसते. फेब्रुवारी २०२२ मध्ये अझोरेस बेटांजवळ पेटलेले ‘फेलिसिटी एस’ १ मार्चला सुमारे ४,००० मोटारींसह बुडाले. त्यांत विजेवरच्याही होत्या.