वर्धा ते चापिंगो : डॉ. पांडुरंग खानखोजे यांचा वनवास

धामणगावहून सुटलेली गाडी तळणी मागे टाकते आणि वर्धा नदीचा पूल ओलांडून पुलगावात शिरते. नदीच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे जुना मध्यप्रांत. या वाटेने मी शेकडो वेळा गेलो असेन. पण पुढच्या वर्ध्यात जन्मलेला एक माणूस इराणात इंग्रजी फौजेशी लढला आणि नंतर मेक्सिकोत मक्याचे वाण घडवीत राहिला, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.

कळण्याचे निमित्त वेगळेच होते. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती. तिच्याविषयी वाचताना पोलिश सैनिकांची हकीकत समोर आली. १९४४ मध्ये इटलीत मॉन्ते कासिनोला झालेल्या लढाईत पोलिश कमांडोही होते. पुढे दोस्तांनी युद्ध जिंकले, पण पोलंड सोव्हिएत वर्चस्वाखाली गेला आणि कित्येक अधिकाऱ्यांना परदेशातच दिवस काढावे लागले. लढाई संपली तरी घराची वाट बंदच राहिली, तर शिपायाने उरलेल्या आयुष्याचे काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे कोणी दिले का, हे शोधताना मी खानखोज्यांपाशी पोहोचलो.

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८४ चा. वडील अर्जनवीस. शिक्षण वर्धा-नागपुरात झाले आणि मनावर लोकमान्य टिळकांचा प्रभाव पडला. १९०६ च्या सुमारास त्यांनी देश सोडला. जपानमार्गे ते अमेरिकेला पोहोचले. तिथे शेतीचे शिक्षण घेतले आणि कॅलिफोर्नियातील माउंट तमाल्पाइस लष्करी शाळेत युद्धशास्त्राचेही धडे गिरवले. १९१३ मध्ये उभ्या राहिलेल्या गदर चळवळीत लढाऊ तुकड्यांची बाजू त्यांच्याकडे होती.

पहिले महायुद्ध पेटताच ते तुर्कस्तानमार्गे इराणात उतरले. स्थानिक टोळ्यांना हाताशी धरायचे आणि बलुचिस्तानातून हिंदुस्थानात शिरायचे, असा बेत होता. तो फसला. लढाईत ते जखमी झाले, पकडले गेले, निसटले आणि भटक्या टोळ्यांमध्ये वेश पालटून राहिले. युद्धानंतर बर्लिन, मग मॉस्को अशी धावपळ झाली. सशस्त्र उठावाची आशा मावळल्यावर १९२४ मध्ये त्यांनी मेक्सिको गाठले.

तेथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मक्याचा रानटी भाऊबंद असलेल्या तेओसिंते या गवताचा मक्याशी संकर करून त्यांनी प्रयोग केले. गव्हावरही काम केले. गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा उभारण्यात पुढाकार घेतला. तीना मोदोत्ती या नामवंत छायाचित्रकर्तीने त्यांची आणि त्यांच्या मक्याची छायाचित्रे टिपली. दिएगो रिव्हेराच्या एका भित्तिचित्रात, जेवणाच्या मेजावर भाकरी वाटणारा पुरुष खानखोज्यांवरून रेखाटला, असे सांगतात.

आपल्याकडे खानखोज्यांचे आयुष्य दोन तुकड्यांत सांगितले जाते : आधी क्रांतिकारक, नंतर कृषिशास्त्रज्ञ. जणू बंदूक हरली म्हणून त्यांनी नांगर धरला. मला हे पटत नाही. अमेरिकेत ते शेती आणि लष्करी विद्या एकाच काळात शिकत होते. पराभव तर अजून व्हायचा होता. त्यामागचे कारण मी त्यांच्या बालपणात शोधतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाड होरपळले, तेव्हा ते बारा ते सोळा वर्षांचे होते. उपाशी माणसे डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला परकी सत्ता आणि रिकामी कणगी ही दोन वेगळी दुखणी वाटली नसावीत. बंदूक निष्फळ ठरली, पण दुसरे काम कोणत्याही देशात करता येण्याजोगे होते. ते त्यांनी केले.

देश स्वतंत्र झाला तरी परतीची वाट सोपी नव्हती. इंग्रजांच्या काळ्या यादीतले नाव पुसले गेले नव्हते, म्हणून परवानगीला आधी नकार मिळाला. ज्या स्वातंत्र्यासाठी नाव त्या यादीत गेले, त्याच स्वतंत्र देशाच्या दारात ते आडवे आले. अखेर १९४९ मध्ये मध्यप्रांत सरकारने त्यांना शेतीविषयक सल्ल्यासाठी बोलावले. पुढे ते नागपुरात स्थायिक झाले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तिथेच वारले. त्यांची कन्या सावित्री साहनी यांनी त्यांचे चरित्र इंग्रजीत लिहिले. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा उभा राहिला.

यंदा आमच्या वावराच्या धुऱ्याला पऱ्हाटीशेजारी मक्याच्या दोन ओळी आहेत. कणसे भरली तेव्हा शेजारच्या दोघा शेतकऱ्यांना मी खानखोज्यांचे नाव विचारले. दोघांनाही ठाऊक नव्हते. मी सांगायला बसलो. इराणची लढाई त्यांनी मान डोलावत ऐकली, मेक्सिकोच्या मक्यापाशी मात्र थांबवून एकाने विचारले, "त्यायचं बियाणं मंग आपल्याइकडं आलं का नाही?"