परक्या पाण्यावरचा गळ



गळ टाकून मासे धरणें हा एकट्याचा छंद आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. नदीकांठीं एखादा मनुष्य काठी घेऊन तासन्‌तास बसलेला दिसला, म्हणजे हा कोणी संसाराला कंटाळलेला प्राणी असावा असें आपण मनांत म्हणतों व पुढें चालूं लागतों. परंतु याच छंदाला एक सामुदायिक रूप आहे, आणि तें कोणा राजानें अगर सरदारानें नव्हे, तर कारखान्यांत राबणाऱ्या कामकऱ्यांनीं घडविलें. इंग्लंडांतील गळ टाकणाऱ्यांचीं मंडळें आपलें गांव सोडून, पूर्वीं कधीं न पाहिलेल्या नदीवर किंवा तळ्यावर जाऊन ज्या शर्यती खेळत आलीं, त्यांचा इतिहास आज मला आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

राजांचा खेळ कसा होता, हें आपल्याच भागांतील एका जुन्या ग्रंथावरून कळतें. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी अभ्यासकांना हा ग्रंथ ठाऊक असतो तो ओवीमुळें. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडण करतांना ओवी गातात, अशी नोंद त्यांत आहे. त्याच ग्रंथांत ‘मत्स्यविनोद’ नांवाचें प्रकरण आहे. माशांच्या जाती कोणत्या, त्या कोठें सांपडतात, कोणत्या माशाला कोणता चारा रुचतो, दोरी व गळ कसा असावा, हें सर्व त्यांत शास्त्रशुद्ध रीतीनें सांगितलें आहे. पण राजा झाला तरी बसणार तो स्वतःच्याच पाण्यावर. तेथें कोणाशीं बरोबरी करण्याचा प्रश्न उद्भवत नाहीं.

इंग्लंडांत या कलेचा थोर भाष्यकार म्हणजे आयझॅक वॉल्टन, हा लंडनचा कापडाचा व्यापारी. त्याचें पुस्तक १६५३ मध्यें प्रसिद्ध झालें. यादवी युद्ध नुकतेंच संपलेलें, राजाचा शिरच्छेद होऊन चारच वर्षें लोटलेलीं. अशा काळांत वॉल्टननें ली नदीच्या कांठची शांतता वर्णिली. त्याच्या पुस्तकांत घाई नाहीं. पुढें दोनशें वर्षें सुशिक्षित इंग्रजाच्या मनांत गळ टाकणारा मनुष्य म्हटला कीं वॉल्टनच्या सांच्यांतलाच उभा राही. मला वाटतें, शर्यतींविषयीं पुढें जो तिरस्कार दिसतो, त्याचें मूळ येथेंच आहे.

आतां आपण शेफील्ड शहराकडे वळूं. सुऱ्या, कात्र्या, वस्तरे यांसाठीं हें शहर जगभर प्रसिद्ध. पातीं घासण्याचें काम वालुकाश्माच्या फिरत्या चाकावर होई. त्याची धूळ कारागिराच्या छातींत बसे आणि कित्येकजण ऐन उमेदींत दम्यासारख्या व्याधीनें मरत. अशा माणसाला मोकळ्या हवेंत घालविलेला एक दिवस म्हणजे चैन नव्हे, औषधच होतें. शनिवारीं मजुरी हातीं पडली कीं सोमवारीं कामावर जावयाचेंच नाहीं, अशी जुनी चाल या कारागिरांत होती व त्या दिवसाला ते थट्टेनें ‘संत सोमवार’ म्हणत. परंतु जावें कोठें? शहरांतून वाहणारी डॉन नदी कारखान्यांच्या घाणीनें व गटारांच्या पाण्यानें इतकी नासली होती कीं तिच्यांत मासा जगेना. घरचें पाणी मेलेलें असल्यामुळें शेफील्डच्या माणसाला परकें पाणी शोधणें भागच पडलें. परक्या पाण्यावरची शर्यत ही प्रथम हौस नव्हती, निरुपाय होता, हें लक्षांत ठेवावें.

तो उपाय आगगाडीनें पुरविला. १८४८ च्या ऑक्टोबरांत लिंकन ते बोस्टन हा लोहमार्ग सुरू झाला. हें बोस्टन अमेरिकेंतलें नव्हे, लिंकनशायरमधलें जुनें बंदर. हा मार्ग विदॅम नदीच्या थेट कांठानें जातो. शेफील्डकडील रूळही लवकरच लिंकनला येऊन मिळाले. मग पहांटेच्या गाडीनें, हातांत टोपली, कांखेंत काठ्यांची जुडी, अशा थाटांत माणसांचे जथे या सपाट प्रदेशांत उतरूं लागले.

हीं मंडळें जमत तीं गल्लीगल्लींतील दारूच्या गुत्त्यांत. आठवड्याला चार पैसे वर्गणी, एक वही, एक खजिनदार, भिंतीवर काचेच्या पेटींत भुसा भरून ठेवलेला एखादा मोठा मासा, एवढेंच मंडळाचें भांडवल. गुत्त्याच्या मालकाला गिऱ्हाईक हवें असे, म्हणून तोही बक्षिसाला हातभार लावी.

शर्यतीची रीत मात्र विचारपूर्वक ठरविलेली होती, आणि मला या इतिहासांतील सर्वांत मोलाचा भाग तोच वाटतो. कांठावर ठराविक अंतरानें खुंट्या ठोकीत. प्रत्येक खुंटीला आंकडा. त्या आंकड्यांच्या चिठ्ठ्या एका पिशवींत घालून प्रत्येकानें एकेक उचलावयाची. चिठ्ठी देईल ती जागा. तेथून हलावयाचें नाहीं, शेजाऱ्याच्या पाण्यांत दोरी टाकावयाची नाहीं. शिटी वाजली कीं आरंभ, पुनः वाजली कीं शेवट. नंतर तराजू. पौंड, औंस आणि औंसाचा सोळावा भाग जो ड्रॅम, इथपर्यंत बारकाईनें वजन होई. मोठा मासा एकच धरला कीं लहान पन्नास धरले, यापेक्षां एकूण वजन पाहिलें जाई. सावकाराचा मुलगा असो कीं खाणींतला पोऱ्या, पिशवींत हात घालतांना दोघे सारखेच.

परक्या तळ्यावर खरी कसोटी लागे. नदी निदान वाहते. प्रवाह कोठें मंद होतो, भोंवरा कोठें पडतो, हें पाहून मासा कोठें असेल याचा तर्क करतां येतो. तळें मात्र कांहीं बोलत नाहीं. तेव्हां माणूस प्रथम गळाला शिशाचा तुकडा अडकवून पाण्याची खोली मोजी. कांठापासून उतार कोठें संपतो, तळ घट्ट आहे कीं गाळाचा, हें त्या शिशावरून कळे. वारा कोणीकडून येतो तें तो पाही. कारण वारा वरचें पाणी समोरच्या कांठाकडे लोटतो व पुष्कळदां त्याबरोबर मासेही तिकडे जातात. मग पाव व कोंडा मळून केलेल्या गोळ्या पाण्यांत टाकावयाच्या, त्या अशा बेतानें कीं मासे जमावे पण त्यांचें पोट भरूं नये. शेफील्डचे लोक बारीक दोरी, अगदीं लहान गळ व हलकें बूच वापरण्यांत वाकबगार होते. अळी लावलेला तो चिमुकला गळ सावध माशालाही फसवी. आपल्या कोंकणांत ज्यांनीं गरी टाकली आहे, त्यांना या युक्त्या नव्या वाटणार नाहींत; नवी आहे ती शिटी वाजेपर्यंतची घालमेल, आणि शेजाऱ्याच्या जाळींतून ऐकूं येणारी माशांची फडफड.

हीं तळीं पुष्कळशीं मनुष्यनिर्मित होतीं. कालव्यांना पाणी पुरविण्यासाठीं धरणें बांधलीं गेलीं आणि औद्योगिक शहरांच्या जवळ शांत जलाशय आयतेच तयार झाले. स्टॅफर्डशायरमधील रड्यार्ड तळें हें त्यांपैकींच, सुमारें १८०० सालचें. तेथेंही पुढें आगगाडीनें सहलीचे लोक येऊं लागले. याच तळ्याकांठीं जॉन लॉकवुड किप्लिंग व त्यांच्या भावी पत्नीची ओळख झाली. १८६५ मध्यें हें दांपत्य मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत आलें, आणि त्याच वर्षीं मुंबईंत जन्मलेल्या मुलाचें नांव त्यांनीं त्या तळ्यावरून ठेवलें. मुंबईचें पवईचें तळेंही याच जातीचें. १८९१ च्या सुमारास तें पिण्याच्या पाण्यासाठीं बांधलें, पण पाणी पिण्यास योग्य ठरलें नाहीं. मग तेथें साहेबलोकांनीं गळ टाकावयास आरंभ केला, आणि तो छंद पुढें आपल्या लोकांनींही उचलला.

शर्यतींबरोबर पैजा आल्या, हें कबूल केलें पाहिजे. मोठ्या शर्यतीच्या वेळीं कांठावर पैजा घेणारे धंदेवाईक उभे असत. वरच्या वर्गांतील लेखकांना हें सारें ओंगळ वाटे. त्यांनीं माशांचीही जात ठरविली होती: सामन व ट्राउट हे खानदानी, बाकीचे सारे हलके. दक्षिणेंतील स्वच्छ ओढ्यांवर खासगी हक्क असलेल्या गृहस्थांनीं, कृत्रिम माशी वापरून, एकट्यानें केलेली शिकार ती कला. आणि कामकऱ्यांनीं भरविलेली शर्यत म्हणजे माशांची लूट!

या आरोपाला कामकऱ्यांनीं लेख लिहून उत्तर दिलें नाहीं. १८७८ मध्यें पार्लमेंटांत गोड्या पाण्यांतील मत्स्यपालनाचा कायदा झाला. तो आणला शेफील्डचे प्रतिनिधि मुंडेला यांनीं, आणि त्यांच्या पाठीशीं शेफील्डचीं मंडळें होतीं. १५ मार्चपासून १५ जूनपर्यंत, म्हणजे माशांच्या विणीच्या दिवसांत, या ‘हलक्या’ माशांनाही अभय मिळालें. ज्यांना हावरट म्हटलें, त्यांनींच आपल्या हातानें वर्षाचे तीन महिने गळ बाजूला ठेवण्याचा कायदा मागून घेतला! माझ्या मतें त्यांचें खरें चारित्र्य पैजांच्या पावत्यांपेक्षां या कायद्यांत दिसतें. इंग्लंडांतील नद्यांवर ही बंदी अजूनही पाळली जाते.

पुढची हकीकत थोडक्यांत. १८८३ मध्यें बर्मिंगहॅमच्या मंडळांचा संघ झाला. १९०३ मध्यें साऱ्या देशाचा राष्ट्रीय संघ झाला. १९०६ मध्यें थेम्स नदीवर पँगबोर्न येथें पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. उत्तरेच्या शहरांतून दक्षिणेच्या पाण्यावर यावयाचें, पिशवींत हात घालावयाचा, आणि चिठ्ठींत निघेल त्या खुंटीपाशीं मुकाट्यानें बसावयाचें, ही गुत्त्यांतून निघालेली रीत आतां साऱ्या राष्ट्राची झाली. यजमान मंडळाला घरच्या पाण्याची माहिती असतेच, ही तक्रार मात्र तेव्हांही होती व अजून मिटलेली नाहीं. म्हणूनच चतुर मंडळें आपले एकदोन जाणते गडी शर्यतीपूर्वीं कांहीं दिवस तेथें पाठवून पाण्याची चाचपणी करून घेतात.

डॉन नदी पुढें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हळूहळू स्वच्छ होऊं लागली. जुने कारखाने बंद पडले, घाण पाण्यावर प्रक्रिया होऊं लागली, आणि मासे परतले. आतां शेफील्डच्या मनुष्याला गळ टाकण्यासाठीं पहांटेची गाडी धरावी लागत नाहीं. शहरांतल्या पुलाखालीं उभें राहूनही मासा लागतो.