आधी मोजणी, मग खोदाई

सरकारी नस्तीवर 'प्रथम पाहणी व्हावी' असा शेरा आला की प्रकरण थंड्या बस्त्यात गेले, असे अनुभवी कारकूनही ओळखतो. अमेरिकेने मात्र १९८० साली हा शेरा थेट कायद्यात लिहिला, आणि त्याची कथा प्रशासनाच्या अभ्यासकाने पाहण्याजोगी आहे.

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर प्रुडो बे येथे १९६८ साली तेलाचा प्रचंड साठा सापडला. त्याच्या पूर्वेस आर्क्टिक वन्यजीव अभयारण्य आहे. त्यातील किनारपट्टीच्या सुमारे पंधरा लाख एकरांखालीही तेल असावे, असा कयास होता. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी २ डिसेंबर १९८० रोजी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने तोडगा काढला. कलम १००२ नुसार आधी तेथील वन्यजीव, मासे व त्यांचे अधिवास यांची गणना व्हावी. हादऱ्यांच्या साहाय्याने भूगर्भाचा शोध घेता येईल, पण विहीर खोदता येणार नाही. आणि उत्पादनाचा निर्णय काँग्रेसच घेईल.

जीवशास्त्रज्ञांनी अनेक हंगाम तेथे काढले. 'पोर्क्युपाइन' कळपाच्या कॅरिबू माद्या मे महिन्याच्या अखेरीपासून येथे वितात. बर्फ उशिरा वितळला तर त्या वाटेत, कॅनडाच्या हद्दीतच वितात. म्हणजे एकाच वर्षाची पाहणी केली असती तर नकाशा खोटा ठरला असता. (आपल्याकडे १९९४ च्या पर्यावरण अधिसूचनेखाली 'रॅपिड' अहवालास एका हंगामाची माहिती पुरे होती, आणि तीही पावसाळा वगळून! नदीतल्या माशांचा विचार करणाऱ्याने यावर काय म्हणावे?) पुढे याच कळपाची संख्या १९८९ मध्ये सुमारे १,७८,०००, २००१ मध्ये १,२३,००० आणि २०१७ मध्ये २,१८,००० भरली. या काळात तेथे तेलाचा एक थेंबही काढला गेला नव्हता. ज्याला आपण 'मूळ स्थिती' म्हणतो तो एक आकडा नसून हेलकावे खाणारा पट्टा असतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे भाववाढीच्या आधारवर्षावरून ठाऊक असते. परवाने देणाऱ्याला क्वचितच.

एप्रिल १९८७ मध्ये इंटिरियर खात्याने (हे आपले गृहखाते नव्हे, तिकडे ते जमिनी व अभयारण्ये सांभाळते) काँग्रेसला अहवाल दिला. कॅरिबू व मस्कऑक्स यांच्यावर मोठे परिणाम संभवतात, असे त्यातच नमूद होते. तरीही शिफारस झाली ती संपूर्ण क्षेत्र भाडेपट्ट्याने देण्याची. गणना प्रामाणिक होती. पण निष्कर्ष तिच्यातून निघालाच पाहिजे, असे बंधन कायद्याने कोणावर घातले नव्हते.

माशांची बाब याहून बोलकी आहे. या प्रदेशातील नद्या हिवाळ्याअखेर बहुतेक ठिकाणी तळापर्यंत गोठतात. झऱ्यांजवळ आणि खोल डोहांत जे पाणी द्रवरूप उरते, त्यावर डॉली व्हार्डनसारखे मासे हिवाळा काढतात. खोदाईच्या यंत्रांना बर्फाचे रस्ते लागतात आणि ते रस्ते पाण्यानेच बनतात, तेही हिवाळ्यातच. म्हणजे मासा आणि यंत्र यांची तहान एकाच डोहावर येऊन ठेपते. हे पाणी मोजल्याचा अहवाल १९९० साली, म्हणजे शिफारशीनंतर तीन वर्षांनी, आला. सुमारे २३७ मैल नदीपात्रांत मिळून जेमतेम ९० लाख गॅलन, म्हणजे साडेतीन कोटी लिटरांहूनही कमी. एवढ्यात बर्फाचा रस्ता काही मैलांचाच होतो.

मार्च १९८९ मध्ये 'एक्झॉन वाल्डेझ' जहाजाचे तेल अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावर सांडले आणि काँग्रेसमधील विधेयक थंडावले. १९९५ चा प्रयत्न क्लिंटन यांच्या नकाराधिकाराने संपला. २०१७ च्या करविषयक कायद्याने अखेर दार उघडले, परंतु जानेवारी २०२१ च्या लिलावात बहुतेक पट्टे अलास्का राज्याच्याच महामंडळाने घेतले, आणि जानेवारी २०२५ च्या लिलावास एकही बोली आली नाही. १९८४ व १९८५ च्या हिवाळ्यांत शोधयंत्रांनी टुंड्रावर पाडलेल्या चाकोऱ्यांपैकी काही मात्र पंचवीस वर्षांनंतरही ओळखू येत होत्या.