वादळाला नाव, कामगारांना संख्या

रायगडचा समुद्र आणि मृत्यू यांचे नाते मराठी वाचकाला परिचित आहे ते मुख्यतः ‘रामदास’ बोटीमुळे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. ही आठवण टिकून राहिली, कारण बुडालेल्यांत याच किनाऱ्याचे अनेक चाकरमानी होते. घराघरांत कुणाचे तरी नाव उरले होते.

मे २०२१मध्ये याच किनाऱ्याला पुन्हा मृतदेह लागले. तौक्ते चक्रीवादळात हीरा तेलक्षेत्रातील पी-३०५ ही बार्ज नांगर तुटून भरकटली आणि १७ मे रोजी बुडाली. तिच्यावर २६१ माणसे होती. काम ओएनजीसीचे, पण बहुतेकांची चाकरी कंत्राटदाराची. ‘वरप्रदा’ या टगबोटीवरील मृत धरून ८६ जण गेले. काहींचे देह रायगडच्या, तर काहींचे वलसाडच्या किनाऱ्यावर आले. ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. वादळाचे नाव सर्वांच्या तोंडी राहिले. कामगार मात्र संख्येत जमा झाले.

आम्ही भाषेचे अध्यापक आहोत, म्हणून या वृत्तांतांच्या भाषेकडे आमचे लक्ष प्रथम जाते. ‘वादळाने बळी घेतले’ या वाक्यात कर्ता वादळ आहे. परंतु वादळाची पूर्वसूचना हवामान खात्याने आधीच दिली होती आणि या बार्जला स्वतःच्या बळावर चालणारे इंजिन नव्हते. मग तिला वेळीच बंदरात का आणले नाही, हा प्रश्न त्या वाक्यात मावतच नाही. ‘अपघात’ हा शब्दही तसाच आहे. तो शोक व्यक्त करतो आणि कारण झाकतो.

कारण शोधू लागलो की या मृत्यूंची एक साखळी दिसते. मुंबई हायचा वायू उरणला येतो व तेथून त्यातील घटक नागोठण्याच्या कारखान्याला जातात. या मार्गाच्या प्रत्येक टप्प्यावर कामगार मेले आहेत. ५ नोव्हेंबर १९९० रोजी नागोठण्यात वायुगळतीनंतर स्फोट होऊन तीसहून अधिक जण दगावले. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हायवर, एका जखमी कर्मचाऱ्याला पोहोचवण्यासाठी आलेले जहाज फलाटाच्या वायुवाहिनीवर आदळले आणि आगीत २२ जणांचा अंत झाला. ३ सप्टेंबर २०१९ रोजी उरणच्या प्रकल्पातील आगीने चौघांना नेले. त्यांत आग विझवायला धावलेले जवानही होते. या घटना वेगवेगळ्या वर्षांत घडल्या म्हणून आपण त्या वेगवेगळ्या मानतो. एकत्र वाचल्या तर तो एका उद्योगाचा इतिहास ठरतो.

स्मरण आणि सुधारणा यांची सांगड घालता येते, याचे उदाहरण उत्तर समुद्रात आहे. ६ जुलै १९८८ रोजी ‘पायपर अल्फा’ या तेलफलाटावर १६७ जण मेले. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १९९०मध्ये १०६ शिफारशी केल्या. १९९१मध्ये ॲबर्डीनच्या उद्यानात स्मारक उभे राहिले आणि त्यावर मृतांची नावे कोरली गेली. कोण गेले आणि का गेले, ही दोन्ही उत्तरे तिथे नोंदली गेली.

आपल्याकडे कायदा हलला नाही असे नव्हे. भोपाळनंतर १९८७मध्ये कारखाना अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण आले आणि जिवावरचा धोका दिसताच व्यवस्थापनाला सावध करण्याचा हक्क कामगाराला मिळाला. २००५च्या आगीनंतर, २००८मध्ये, समुद्रातील तेलकामाच्या सुरक्षेचे नियम झाले. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्या अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली आहे आणि यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील कामगारसंख्या १०वरून २०वर गेली आहे. जे हक्क कुणाच्या तरी मरणातून आले, ते का आले हे विसरले गेले की त्यांची किंमत कमी वाटू लागते. म्हणून सुरक्षित कामाच्या मागणीला स्मरणाची गरज आहे.

जगभर २८ एप्रिल हा दिवस कामावर मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणाचा म्हणून पाळला जातो. रायगडातील महाविद्यालयांनी त्या दिवशी निदान या चार घटनांची नोंदवही करावी, असे आम्हांस वाटते. प्रत्येक मृताचे नाव, गाव, काम आणि तो कोणाच्या चाकरीत होता हे त्यात असावे; आणि शेवटच्या रकान्यात मृत्यूचे कारण. तिथे ‘वादळ’ किंवा ‘आग’ एवढेच लिहून भागणार नाही, हे विद्यार्थ्यांना नोंद करतानाच कळेल.